किरकोळ जखमी

कात्रजच्या नव्या बोगद्यातून नऱ्हे-धायरीकडे येणारा महामार्गाचा उतार आणि पुढचा नवले पूल पुणेकरांना अपघातांच्या बातम्यांमुळेच अधिक ठाऊक. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एका मालमोटारीने एकामागून एक कितीतरी वाहनांना धडका दिल्या. अशा बातमीच्या शेवटी एक ठरीव वाक्य असते: ‘इतर किरकोळ जखमींना उपचारांनंतर घरी सोडण्यात आले.’ बातमी तिथे संपते. काहींचे दुखणे तिथून सुरू होते.

डोक्याला हिसका बसला की मेंदू कवटीच्या आत हिंदकळतो. हाड मोडत नाही, पण मेंदूतल्या पेशींचे काम काही काळ विस्कटते. डॉक्टर याला ‘कन्कशन’ म्हणतात. सीटी स्कॅन बहुधा स्वच्छ येतो, कारण त्यात रक्तस्राव दिसतो, मोडलेले हाड दिसते. विस्कटलेले काम दिसत नाही. हेल्मेट जीव वाचवते, ते घालायलाच हवे. पण आतला हिसका तेही पुरता थोपवू शकत नाही.

बहुतेक माणसे काही आठवड्यांत बरी होतात. काहींना मात्र महिनोन्‌महिने डोकेदुखी, चक्कर, विसराळूपणा सोडत नाही. कुकरची शिट्टी सोसत नाही, धायरी फाट्यावरचे हॉर्न तर नाहीच. झोप उडते, चिडचिड वाढते. घरचे म्हणतात, “रिपोर्ट तर नॉर्मल आहे, मग आता काय?” ना प्लास्टर, ना टाके; मग हे नाटकच, असा निवाडा आपण फार लवकर देतो.

क्रिकेटच्या मैदानाने ही दुखापत मान्य केली आहे. २०१९ पासून कसोटीतही अशा खेळाडूच्या जागी बदली खेळाडू घेता येतो. डिसेंबर २०२० मध्ये कॅनबेऱ्यात जडेजाच्या हेल्मेटवर चेंडू आदळला आणि त्याच्या जागी चहल उतरला. ऑस्ट्रेलियाच्या विल पुकोव्हस्कीला तर अशा वारंवारच्या आघातांपायी २०२५ मध्ये, ऐन सत्ताविशीत, खेळ सोडावा लागला.

पूर्वी अंधाऱ्या खोलीत पडून राहायला सांगत. आता तज्ज्ञ म्हणतात, पहिले एक-दोन दिवस विश्रांती घ्या, टीव्ही-मोबाइल कमी करा. मग त्रास फारसा वाढणार नाही इतपत चालायला लागा. आज सोसायटीच्या आवारात एक फेरी, काही आठवड्यांनी धारेश्वराच्या देवळापर्यंत. चक्करीसाठी तोल सावरण्याचे खास व्यायाम फिजिओथेरपिस्ट शिकवतात. डोकेदुखीच्या गोळ्या मनाने रोज घेऊ नयेत. त्यांच्या अतिरेकानेही डोके दुखते. झोपेच्या वेळा पाळाव्यात. उदासी वाटली तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यात कमीपणा नाही.

मात्र वाढत जाणारी डोकेदुखी, वारंवार उलट्या, झटके, गुंगी, हातापायातली ताकद जाणे, यांपैकी काहीही दिसले तर तडक रुग्णालय गाठावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या वडीलधाऱ्यांनी तर डोक्याला साधा मार लागला तरी तपासून घ्यावे.

बाकीचे औषध घरातच आहे. टीव्हीचा आवाज कमी करावा, एका वेळी एकच काम सांगावे, कचेरीत आधी अर्धा दिवस जाऊ द्यावे. आणि “अजून दुखतंय” म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवावा. ‘किरकोळ’ हा शब्द बातमीपुरता ठीक. घरात तो न वापरलेलाच बरा.