‘औषध’ नावाचे विष

उघड्या मंडपात संध्याकाळचे व्याख्यान ऐकायचे म्हणजे डासांची संगत आलीच. आज त्यांच्याविषयी, किंबहुना त्यांच्यावर आपण जे द्रव्य फवारतो त्याविषयी, चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

आरंभ एका शब्दापासून करू. आपण दुकानात जाऊन म्हणतो, “झुरळांचे औषध द्या.” वाळवीचे औषध, ढेकणांचे औषध, गुलाबावर मारायचे औषध. शेतकरीही ‘औषध मारून आलो’ असेच सांगतो. वस्तुतः बाटलीत असते ते विष. पण औषध म्हटले की माणूस निर्धास्त होतो. ते ओट्याखाली तेलाच्या बरणीशेजारी राहते, अंदाजाने ओतले जाते आणि उघड्या हातांनी ढवळले जाते. हा शब्द आता आपल्या भाषेतून जाणार नाही. तेव्हा माझे म्हणणे इतकेच, की औषध म्हणायचे असेल तर औषधाचे सगळे नियमही पाळा. वैद्य निदान करतो, मात्रा ठरवतो, देण्याची रीत सांगतो आणि पथ्य घालून देतो. येथेही तेच चार नियम आहेत.

प्रथम थोडा इतिहास पाहू, कारण त्यातून या द्रव्यांची शक्ती आणि मर्यादा दोन्ही दिसतात. डीडीटी हे रसायन १८७४ सालीच प्रयोगशाळेत तयार झाले होते. पण ते कीटकांना मारते हा शोध स्वित्झर्लंडमधील पाउल म्युलर यांनी १९३९ साली लावला. त्याबद्दल १९४८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात १९५३ साली हिवतापाविरुद्ध राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि घरोघरी भिंतींवर डीडीटी फवारले जाऊ लागले. भिंतींवरच का? कारण हिवतापाच्या डासाची मादी रक्त पिऊन झाल्यावर बहुधा भिंतीवर विसावते. शत्रूची बैठक हेरून मारलेला हा फवारा होता. १९६५ च्या सुमारास देशातील रुग्णसंख्या लाखाच्या आसपास उतरली. परंतु पुढे डासांनी त्या विषाला दाद देणे कमी केले, कामातही शैथिल्य आले, आणि १९७६ साली हाच आकडा चौसष्ट लाखांवर गेला. दरम्यान, हे द्रव्य मातीत वर्षानुवर्षे टिकते आणि प्राण्यांच्या चरबीत साठत जाते, हे रेचल कार्सन यांच्या १९६२ सालच्या ग्रंथाने जगापुढे आणले. भारतात १९८९ साली शेतीतील त्याचा वापर बंद करण्यात आला. एकाच द्रव्याने लाखो प्राण वाचवले आणि त्याच द्रव्याने नवे संकटही उभे केले. फरक पडला तो कोठे, किती आणि कसे वापरले यामुळे.

आता आपल्या घराकडे वळू. पहिला नियम निदानाचा. कीटक कोणता, तो बसतो कोठे, वाढतो कोठे, हे ठरल्याशिवाय बाटलीचे बूच उघडू नये. डेंग्यूचा डास पिंपात, कूलरमध्ये आणि कुंडीखालच्या बशीत साचलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. हवेत मारलेला फवारा उडता डास पाडील. पिंपातील अळ्यांना त्याचा पत्ताही नसतो. आठवड्यातून एक दिवस सारी भांडी उपडी करून, घासून, कोरडी ठेवणे हा फवाऱ्याहून मोठा उपाय आहे, आणि त्याला पैसाही पडत नाही. झुरळाचे निदान वेगळे. ते दिवसा मोरीच्या फटीत, फडताळाच्या मागे, बिजागरीच्या सापटीत दडलेले असते. फरशीच्या मधोमध शिंपडलेले द्रव वाया जाते. फटींच्या कडेने मारलेल्या बारीक पट्ट्यावरून चालताना ते झुरळाच्या पायांना लागते. शिवाय झुरळाच्या अंड्यांच्या कुपीत हे विष सहसा शिरत नाही. म्हणून लेबलावर सांगितलेल्या अंतराने पुन्हा फवारावे लागते. ‘औषध खोटे निघाले’ ही तक्रार पुष्कळदा या कुपीमुळे असते.

दुसरा नियम मात्रेचा. द्रव कीटकनाशके दोन प्रकारची मिळतात. काही जशीच्या तशी वापरायची, काही पाण्यात मिसळायची. दुसऱ्या प्रकारात गणित आहे. समजा, बाटलीतील द्रवात मूळ विष ५ टक्के आहे आणि लेबल सांगते, एक लिटर मिश्रणासाठी २० मिलिलिटर घ्या. म्हणजे तयार मिश्रणात विष उरते एक दशांश टक्का. एवढ्याने काम होते हे पारखूनच ते प्रमाण ठरलेले असते. अंदाजाने दुप्पट ओतले म्हणून झुरळ दोनदा मरत नाही. घरातील माणसांच्या श्वासात आणि कातडीवर मात्र दुप्पट विष जाते. कमी ओतले तर चिवट कीटक जगतात आणि त्यांचीच प्रजा वाढते. मोजमापासाठी वेगळे माप ठेवावे. स्वयंपाकाचा चमचा वापरू नये. लागेल तेवढेच मिश्रण करावे, आणि दोन द्रव्ये आपल्या बुद्धीने एकत्र करू नयेत.

तिसरा नियम रीतीचा. घरात फवारताना मुले आणि पाळीव जनावरे बाहेर न्यावीत, अन्न व भांडी झाकावीत. घरगुती फवाऱ्यांत नेहमी आढळणारी पायरेथ्रॉइड जातीची द्रव्ये माशांना फार घातक असतात, आणि त्यांतील पर्मेथ्रिन मांजरांनाही. मत्स्यपेटी झाकून तिचा हवेचा पंप बंद करावा. अनेक द्रवांत रॉकेलसारखे तेल असते, म्हणून शेगडी, देवापुढचा दिवा, उदबत्ती आधी विझवावी. पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे, डोळ्यांना चष्मा, नाकातोंडावर आच्छादन असावे. आतल्या कोपऱ्यापासून दाराकडे फवारत यावे, सांगितलेला वेळ खोली बंद ठेवावी, मग खिडक्या उघडाव्या आणि हात साबणाने धुवावे. अंगणात संध्याकाळी, वारा पडलेला असताना फवारावे. फुललेल्या झाडावर मारू नये, कारण मधमाश्या मरतात. विहीर, टाकी, नाला यांपासून दूर राहावे. परसातील भाजीवर त्याच पिकासाठी सांगितलेलेच द्रव्य वापरावे आणि तोडणीपूर्वी नेमून दिलेले दिवस जाऊ द्यावेत. पंपाची तोटी तुंबली तर तोंडाने कधीही फुंकू नये.

चौथा नियम पथ्याचा, आणि येथेच चूक सर्वांत महाग पडते. १९५८ साली केरळात विषारी पिठाचे पदार्थ खाऊन शंभरावर माणसे दगावली. पॅराथिऑन हे कीटकनाशक आणि गव्हाचे पीठ यांची एकाच जहाजातून वाहतूक झाली होती. चौकशी झाली आणि पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. तरीही २०१३ च्या जुलैत बिहारमधील सारण जिल्ह्यात शाळेचे जेवण खाऊन २३ मुले मरण पावली. त्या जेवणाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळले. तेल ठेवलेल्या डब्यात पूर्वी कीटकनाशक होते, असे तपासात पुढे आले. डबा चांगला आहे, टाकवत नाही, एवढ्याच विचाराने घात होतो. म्हणून विष मूळ बाटलीतच, कुलपात ठेवावे. सरबताच्या बाटलीत कधीही ओतू नये. रिकामी बाटली तीनदा खळबळून, ते पाणी फवाऱ्यातच वापरून, तिला भोक पाडून टाकावी.

बाटलीवर कोनावर उभा केलेला एक चौकोन असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग पाहावा. लाल म्हणजे अतितीव्र विष, मग उतरत्या क्रमाने पिवळा, निळा आणि हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे, तुलनेने सौम्य एवढेच.

अंगावर सांडले तर कपडे उतरवून साबण-पाण्याने धुवावे. डोळ्यांत गेले तर पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने धूत राहावे. पोटात गेले तर घरच्या घरी ओकारी काढू नये, कारण तेलकट द्रव फुप्फुसात उतरू शकतो. बाटली बरोबर घेऊन तडक रुग्णालय गाठावे. काही विषांवर अ‍ॅट्रोपीनसारखा उतारा आहे, पण विष कोणते हे डॉक्टरांना बाटलीवरूनच कळते.

श्रोतेहो, आज घरी गेल्यावर एकच करा. ओट्याखालची ती बाटली काढून तिचे लेबल, बारीक अक्षरांसह, पूर्ण वाचा. आणि मग ती बरणीशेजारून उचलून मुलांचा हात पोहोचणार नाही अशा कुलपात ठेवा. ‘औषध’ या नावाला बाटली पात्र ठरेल, ती वापरणारा सावध असेल तोवरच.