थोड्या पैशांत लोहारकाम: आधी भट्टी, मग ऐरण, आणि कर्ज सगळ्यात शेवटी

बकरी ईद जवळ आली की मोहल्ल्यात एकच विचारणा सुरू होते, धारवाला आला का? पूर्वी हे काम शिकलगार करायचे. त्यांच्या नावातच त्यांचं काम आहे: ‘सैकल’ म्हणजे धातू घासून लखलखीत करणं. आज धार लावणारा कसाबसा मिळतो. पण सुरी घडवणारा, मोडलेला कोयता पुन्हा उभा करणारा, खुरपं पाजवून देणारा कारीगर शोधायला दुसऱ्या गावी जावं लागतं. गिऱ्हाईक आहे, माणूस नाही, अशी ही अवस्था.

म्हणूनच काही तरुण आता आमच्याकडे विचारणा करतात, ‘भट्टी लावायची आहे, किती पैसे लागतील?’ त्यांचे अब्बा वेगळाच प्रश्न विचारतात, ‘यात पैसे घालावेत का?’ दोन्ही प्रश्न रास्त आहेत. आम्ही असंही पाहिलं आहे की उत्साहात कर्ज काढून मोठी ऐरण, ग्राइंडर, यांत्रिक हातोडा सगळं एकदम आणलं, आणि हात बसायच्या आतच हप्ते सुरू झाले. सहा महिन्यांत शटर खाली.

आमचं म्हणणं साधं आहे. लोहाराचं दुकान विकत घ्यायचं नसतं, ते घडवत न्यायचं असतं. हा असा धंदा आहे की त्याची बरीचशी अवजारं तो स्वतःच बनवतो. कशावर खर्च करायचा, कशावर नाही आणि कुठल्या क्रमाने, एवढं कळलं की थोड्या पैशांत सुरुवात होते.

आधी जागा पाहा

आठ बाय दहा फुटांची जागा पुरते. पण ती घराच्या खोलीत नको. कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, मळमळतं आणि माणूस बसल्या जागी बेशुद्ध पडतो. त्यामुळे परस, अंगण किंवा निदान दोन बाजूंनी उघडी पत्र्याची शेड हवी. पाचटाचं किंवा गवताचं छप्पर चालणार नाही, कारण लोणारी कोळशाच्या ठिणग्या उंच उडतात.

खाली माती असलेली बरी. तापलेलं लोखंड फरशीवर किंवा सिमेंटवर पडलं तर तिचे तुकडे उडतात. भट्टीवर थेट ऊन येऊ देऊ नका. लोखंड किती तापलं हे त्याच्या रंगावरून ओळखायचं असतं, आणि उन्हात लाल रंग दिसतच नाही. जुने लोहार सावलीत बसतात ते याचसाठी.

भट्टीजवळ पाण्याची बादली आणि वाळूची बादली कायम भरलेली ठेवा. लहान मुलांना आत येता येणार नाही अशी आडकाठी लावा. आणि सुरू करण्याआधी शेजाऱ्यांशी बोला. घणाचा आवाज भिंती ओलांडतो. नमाजची वेळ, दुपारची झोप, मुलांच्या परीक्षा यांचा विचार करून कामाची वेळ ठरवली तर पुढची कटकट टळते.

भट्टी: माती, विटा आणि एक नळी

भट्टीवर जवळजवळ खर्चच करू नका. विटांचा कमरेइतका उंच, दोन फूट लांब आणि दीड फूट रुंद ओटा रचा आणि आत माती भरा. वर मधोमध आठ-नऊ इंच रुंद आणि चार-पाच इंच खोल खड्डा करा. त्याला चिकणमाती, वाळू आणि थोडी राख मळून जाड लेप द्या. सिमेंट वापरू नका, ते तापून फुटतं. नदीतले गोटेही नकोत, आत मुरलेलं पाणी तापलं की ते फटाक्यासारखे उडतात. लेप तीन-चार दिवस सावलीत वाळू द्या, भेगा बुजवा आणि पहिल्या दिवशी फक्त लहान जाळ करा.

हवेसाठी खड्ड्याच्या बाजूने, तळापासून दोन-तीन इंचांवर, साधारण इंचभर भोकाची लोखंडी नळी आत सोडा. ही नळी काळ्या लोखंडाची हवी. पाण्याच्या लाइनची पांढरी, जस्ताचा मुलामा दिलेली नळी घेऊ नका. जस्त जळून जो पांढरा धूर निघतो, त्याने थंडी वाजून ताप भरतो.

नळीला हाताने फिरवायचा जुना पंखा मिळाला तर उत्तम, वीज गेली तरी काम चालतं. तो नसेल तर हॉटेलातल्या कोळशाच्या भट्टीला लावतात तो छोटा ब्लोअर घ्या. तेही जमत नसेल तर केस वाळवायच्या ड्रायरवरही सुरुवात होते. हवा कमी-जास्त करायला नळीच्या तोंडाशी सरकणारी पत्र्याची पट्टी ठेवा. नवखा माणूस हवा फार सोडतो. मग कोळसा भराभर संपतो आणि लोखंड तापण्याऐवजी त्याची खपली निघते. लोखंड नळीच्या थेट तोंडासमोर न ठेवता तिच्या थोडं वर, निखाऱ्यांच्या पोटात ठेवायचं.

कोळसा कुठला? लोणारी कोळसा लवकर पेटतो, धूर कमी करतो, पण लवकर संपतोही. दगडी कोळसा जास्त टिकतो, मात्र सुरुवातीला दाट धूर देतो. वस्तीत असाल तर लोणारीच बरा.

ऐरण: वजन पाहा, आकार नाही

नव्या माणसाचे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते ऐरणीवर. सिनेमात दिसते तशी शिंगाची ऐरण हवीच असं नाही. आपल्या रस्त्याकडेला बसणारी घिसाडी कुटुंबं जमिनीत रोवलेल्या एका लहानशा चौकोनी ठोकळ्यावर कोयते, विळे, कुऱ्हाडी सगळं घडवतात, आणि तिथे बाईसुद्धा उभी राहून घण घालते. वीस-तीस किलोचा भरीव पोलादी ठोकळा पुरेसा आहे. भंगारात ट्रकच्या ॲक्सलचा तुकडा, जाड शाफ्ट किंवा जाड प्लेटचं कापलेलं टोक मिळतं. शाफ्ट उभा रोवला तर हातोड्याखाली पूर्ण वजन येतं.

घेताना एक परीक्षा करा. बेअरिंगमधली पोलादी गोळी दहा इंचांवरून ठोकळ्यावर सोडा. सात इंच किंवा त्याहून वर उसळली तर पृष्ठभाग चांगला कडक आहे. गोळी तिथेच मेल्यासारखी पडली तर तुमची मेहनतही त्यात तशीच जिरेल. स्वस्त ओतीव लोखंडाच्या ऐरणींचे कोपरे ठिसूळ असतात, त्या टाळा.

ठोकळा बाभळीच्या ओंडक्यात घट्ट बसवा आणि ओंडका दीड-दोन फूट जमिनीत पुरा. उंची मोजायची सोपी रीत आहे: सरळ उभे राहा, हात खाली सोडा, मूठ वळा. मूठ जिथे येते तिथे ऐरणीचा माथा हवा. खूप खाली असेल तर कंबर जाते, वर असेल तर खांदा.

रेल्वेच्या रुळाचा तुकडा घ्या, असा सल्ला कोणीतरी देईलच. रुळाची ऐरण चांगली होते, फूटभर तुकडा सोळा-अठरा किलो भरतो. पण थांबा. रेल्वेचा माल बेकायदा बाळगण्याविरुद्ध १९६६ सालचा स्वतंत्र कायदा आहे. चोरीच्या संशयाचा माल तुमच्याकडे सापडला तर तो रीतसर आला हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते, आणि पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. अधिकृत लिलावातल्या मालाची पक्की पावती नसेल तर रूळ घरात आणूच नका. भंगारातून काहीही घेतलं तरी पावती मागायची सवय लावा.

हातोडा आणि बाकीची अवजारं

एक किलोच्या आसपासचा एक हातोडा घ्या. जड हातोड्याने काम लवकर होतं हा गैरसमज आहे. त्याने मनगट आणि कोपर दुखावतं आणि घाव चुकतो. हातोड्याच्या तोंडाच्या धारदार कडा कानशीने गोल करून घ्या, नाहीतर प्रत्येक घावाची खूण लोखंडावर उठते.

सांडशी पहिल्या दिवशी घ्यायची गरज नाही. दोन फूट लांब सळई घेतली तर एक टोक तापतं आणि दुसरं हातात धरता येतं. याशिवाय एक छिन्नी, एक कानस आणि तारेचा ब्रश. पुढे पैसे आले की जुना व्हाइस, त्यानंतर ग्राइंडर.

डोळ्यांचा चष्मा मात्र पहिल्या दिवसापासून हवा. अंगात सुती कपडे, पायात चामड्याचे बंद बूट. टेरिकॉट आणि नायलॉन अंगावर वितळून चिकटतं. सैल बाही, ओढणी, रुमाल लोंबता ठेवू नका. कानात कापसाचे बोळे नव्हे, आवाज अडवणारे प्लग घाला. हा खर्च वाचवून कुणाचं भलं झालेलं नाही.

कुठलं लोखंड घ्यायचं

सरावाला हार्डवेअरच्या दुकानातली दहा-बारा मिलिमीटरची साधी माइल्ड स्टीलची सळई घ्या. सुरी, विळा यांना पोलाद लागतं. त्यासाठी गाडीच्या कमानीचा पाटा उत्तम. बांधकामाची सळई आकड्यांना, खुंट्यांना चालते, पण तिची सुरी करू नका, तिच्या धारेचा भरवसा नाही.

ओळखायचं कसं? ग्राइंडरवर धरा. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब आणि सरळ जातात, पोलादाच्या ठिणग्यांना फुलबाजीसारखे फाटे फुटतात. चकचकीत मुलाम्याचं, जस्ताचं किंवा रंगवलेलं लोखंड भट्टीत घालू नका. आणि बंद तोंडाची कुठलीही वस्तू, गाडीचा शॉकअॅब्जॉर्बर असो की बंद पाइप, आगीत कधीही टाकू नका. आतली हवा किंवा तेल तापून स्फोट होतो.

पहिले दोन-तीन महिने

लोखंड नारिंगी-पिवळं झालं की मारा, काळपट लाल झालं की थांबा आणि परत आगीत घाला. पांढरं होऊन ठिणग्या फेकू लागलं तर ते जळालं, तेवढा तुकडा कापून टाका. एवढं डोळ्यात बसायलाच काही आठवडे जातात.

क्रम असा ठेवा. पहिल्यांदा निखारे सारायची सळई. मग आकडे आणि खुंट्या. मग छिन्नी आणि पोगर. मग स्वतःची सांडशी. सांडशी जमली की समजा तुम्ही शिकायला लागलात. त्यानंतर खुरपं, विळा आणि सगळ्यात शेवटी सुरी.

सुरीला पाणी पाजणं हा वेगळा धडा आहे. पोलाद साधारण ७७० अंशांच्या वर गेलं की त्याला चुंबक चिकटत नाही. त्याच्या किंचित वर नेऊन कमानीच्या पाट्याची सुरी कोमट खाद्यतेलात बुडवा. पाण्यात ती तडकू शकते. तेल झाकणाच्या लोखंडी डब्यातच ठेवा, प्लास्टिकच्या नाही. गाडीचं जळकं ऑइल वापरू नका. बुडवल्यानंतर सुरी काचेसारखी ठिसूळ असते. ती घासून चकचकीत करा आणि गवती पिवळा रंग येईपर्यंत हळूहळू तापवा. ओव्हन असेल तर सुमारे २०० अंशांवर दोन तास.

या काळात कमाई कशातून? धार लावण्यातून आणि दुरुस्तीतून. विळे, कोयते, कात्र्या, ईदच्या सुऱ्या. यात भांडवल कमी, आणि दुसऱ्याने घडवलेली वस्तू हातात घेऊन तिची घडण समजते. अशा वेळी जवळच्या एखाद्या जुन्या लोहारचाचांकडे महिनाभर भाता ओढायला बसलात, तर कुठल्याही व्हिडिओपेक्षा जास्त शिकाल.

कायद्याची हद्द ओळखा

हे आम्ही मुद्दाम ठळकपणे सांगतो. शस्त्र कायदा १९५९ सालचा आहे. त्याखालच्या नियमांत तलवार, गुप्ती, खंजीर, भाला ही शस्त्रं मोडतात. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांचे सुरेही त्यात येतात. घरगुती, शेती, शास्त्रीय किंवा औद्योगिक वापरासाठी बनवलेल्या वस्तूंना त्यात सूट आहे. म्हणजे कोयता, विळा, खाटकाची सुरी हे तुमचं काम. शोभेची तलवार, रीलसाठी खंजीर हे तुमचं काम नाही, मागणारा दोस्त असला तरी. एका हौसेपायी अख्खं घर चौकीच्या फेऱ्या मारत बसतं. कुणासाठी काय बनवलं याची वही ठेवा.

सरकारी मदत, आणि तीही कर्जाशिवाय

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत लोहारकाम आहे. हातोडे व अवजारं बनवणारे आणि कुलूप बनवणारेही आहेत. जात-धर्माची अट नाही. वय किमान १८ हवं, एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो, घरात कुणी सरकारी नोकरीत नसावं, आणि नोंदणीच्या वेळी तुम्ही ते काम करत असला पाहिजेत. नोंदणी आधार कार्डासह सामायिक सेवा केंद्रात होते.

पाच ते सात दिवसांचं मूलभूत प्रशिक्षण, रोज ५०० रुपये भत्ता आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं ई-व्हाउचर मिळतं. यातलं काहीही परत करायचं नसतं. पुढे ५ टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत कर्जही आहे, पण ते घेणं सक्तीचं नाही. व्याजाच्या व्यवहारापासून दूर राहणाऱ्या आपल्या अनेक कुटुंबांना हे माहीत नसतं आणि ती सगळी योजनाच सोडून देतात. प्रशिक्षण घ्या, व्हाउचर घ्या, आणि कर्जाला नाही म्हणा. तसं करता येतं.

मुलगा भट्टी लावतो म्हणाला तर अब्बांनी लगेच नाही म्हणू नये, आणि मुलानेही अम्मीच्या बांगड्यांकडे पाहू नये. आधी ओटा बांधा, एक हातोडा घ्या, दोन-तीन महिने रोज तासभर बसा. तेवढ्यात स्वतःची सांडशी तयार झाली आणि शेजारच्या शेतकऱ्याने दुसऱ्यांदा विळा आणून दिला, तर पुढचा खर्च करायला हरकत नाही. नाही जमलं, तर गेल्या असतील फक्त काही विटा आणि एक पोतं कोळसा.