हाताला मुंग्या येतात? तीन हजारांचा गेमिंग माऊस घेण्याआधी हे वाचा

आमगाव (जि. गोंदिया) : आमच्या गावातली एक ताई सेवा केंद्र चालवते. धान नोंदणी, केवायसी, सातबारा, उत्पन्नाचा दाखला, शाळा सुरू झाल्या की जातीचे दाखले. हंगामात सकाळी खुर्चीवर बसली की दिवे लागल्यावरच उठते. धान नोंदणीच्या वेळी मीही रांगेत उभा होतो, तर ती मधेमधे उजवा हात झटकत होती. म्हणाली, "भाऊ, रातच्याला हात झोपून जाते. मुंग्या येऊन राहिल्या. हा गेमिंगवाला माऊस घेतला तर फरक पडंल का?" मोबाईलवर फोटो दाखवला. किंमत तीन हजारांच्या जवळपास.

तीन हजार म्हणजे किती दाखल्यांची कमाई, हे तिलाच माहीत. मी काही कॉम्प्युटरवाला नाही, धानाचा शेतकरी आणि बातम्या पाठवणारा माणूस. पण गोंदियाला शिकणाऱ्या पुतण्याकडे नेमका तोच माऊस होता, लॉजिटेक कंपनीचा जी३०४. पंधरा दिवसांसाठी मागून आणला. आठवडाभर मी वापरला, आठवडाभर ताईने केंद्रावर वापरला. त्यातून जे कळले ते सांगतो.

डब्यावरचे मोठे आकडे

डब्यावर सर्वात मोठ्या अक्षरात असते डीपीआय. या माऊसचे डीपीआय 200 पासून 12000 पर्यंत जाते. त्याचा अर्थ असा, की माऊस एक इंच सरकवला तर पडद्यावरचा बाण किती ठिपके सरकेल. आता हिशोब करा. बऱ्याच कॉम्प्युटरचा पडदा 1920 ठिपके रुंद असतो, जुने लॅपटॉप 1366 चे. 12000 वर ठेवले तर माऊस चार मिलिमीटर सरकला की बाण या टोकाचा त्या टोकाला. अशा बाणाने नाव-पत्त्याच्या चौकटीत क्लिक करून दाखवा! आम्ही 1000 ते 1600 च्या मधे ठेवले, तेच जमले. फार कमी ठेवले तरी त्रासच, पडदा पार करायला हात चार-पाच इंच ओढावा लागतो.

दुसरा आकडा एक मिलिसेकंदाचा. हा माऊस सेकंदाला 1000 वेळा कॉम्प्युटरला आपली जागा कळवतो, साधा माऊस बहुतेक 125 वेळा. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइकसारख्या गोळीबाराच्या खेळात पोरांना याचा उपयोग होत असेल. आपल्या कामात साईटच दहा मिनिटे गोल फिरत असते, तिथे एक मिलिसेकंद वाचवून काय करायचे?

आणि पालकांसाठी एक गोष्ट. पोरगा मोबाईलवर बीजीएमआय खेळत असेल आणि गेमिंग माऊस मागत असेल, तर आधी विचारा की कॉम्प्युटर कुठे आहे.

हाताला काय लागते

धान कापायचा विळा घेताना आपण पाते नंतर बघतो, आधी मूठ हातात धरून बघतो. लहान मुठीचा विळा दिवसभर चालवला तर संध्याकाळी बोटे मिटत नाहीत. माऊसचेही तसेच आहे, पण तो आपण फोटो बघून घेतो.

माऊस धरायच्या तीन पद्धती. काही जण पूर्ण तळहात त्यावर टेकवतात. काही जण बोटे कोंबडीच्या पंजासारखी वाकवून धरतात. काही जण नुसत्या बोटांच्या टोकांनी चालवतात. ताई तळहात टेकवते, मी पंजाने धरतो. जी३०४ ची लांबी साधारण 11.7 सेंटीमीटर आणि उंची 3.8 सेंटीमीटर. एक ढोबळ हिशोब सांगतात : मनगटाच्या रेषेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत हात मोजा, माऊसची लांबी त्याच्या साठ टक्क्यांच्या आसपास असावी. म्हणजे साडेएकोणीस सेंटीमीटरच्या हाताला हा माऊस बेताचा. ताईचा हात सतरा-साडेसतराचा, तिला तो बरोबर बसला. माझ्या नांगर धरून रुंद झालेल्या पंजाला मात्र बुटका वाटला, करंगळी टेबलावर घासत राहिली. ज्यांचे हात मोठे, त्यांनी दुकानात धरून बघितल्याशिवाय घेऊ नये.

सेल धरून वजन 99 ग्रॅम. सेल मागच्या भागात असल्याने मागून थोडा जड लागतो. बटण मात्र हलके दाबले तरी लागते. ताईच्या जुन्या वायरवाल्या माऊसचे बटण इतके कडक झाले होते, की ती प्रत्येक वेळी बोट जोर देऊन दाबायची. दिवसाला तीन-चार हजार क्लिक धरले तर तो जोर कुठे जात असेल? दुसऱ्या दिवशीच म्हणाली, "बोटाले बरं वाटते." वायर टेबलाच्या कडेला अडकत नाही, हाही आराम आहेच.

कंपनी मुख्य बटणांचे आयुष्य एक कोटी क्लिक सांगते. ताईच्या हिशोबाने हे सात-आठ वर्षे व्हायला हवे, पण ते कागदावर. एकदा दाबले की दोनदा लागणे, हा माऊसचा जुना आजार आहे आणि गेमिंग माऊसही त्यातून सुटत नाही. म्हणून बिल घ्या आणि त्यावर वॉरंटीची मुदत बघून घ्या.

बाजूची दोन बटणे

अंगठ्याजवळ दोन बटणे असतात. डावखुऱ्या माणसाला माऊस धरता येतो, आकार दोन्ही बाजूंनी सारखा आहे, पण ही बटणे डावीकडेच असल्याने त्याच्या अंगठ्याला मिळत नाहीत.

यांनी आमची एकदा फजिती केली. तिसऱ्या दिवशी ताईने एका म्हाताऱ्या बाबाचा अर्ज जवळपास पूर्ण भरला होता. अंगठा चुकून बाजूच्या बटणावर पडला. त्या बटणाचे मूळ काम असते 'मागच्या पानावर जा'. पान मागे गेले आणि अर्ज कोरा. बाबा बिचारे बाहेर जाऊन बसले. मग पुतण्याला फोन केला. त्याने कंपनीचे जी-हब नावाचे सॉफ्टवेअर टाकायला लावून एका बटणावर कॉपी आणि दुसऱ्यावर पेस्ट बसवून दिले. ही मांडणी माऊसच्या आतच साठवता येते. आता आधार नंबर एका चौकटीतून उचलून दुसरीत टाकताना कीबोर्डकडे हात न्यावा लागत नव्हता. ताईला सर्वात जास्त आवडले ते हेच. माझ्या मते तीन हजारांतला खरा उपयोगाचा भाग हा आहे.

सेल लागतो एक, भिंतीवरच्या घड्याळाचा, किराणा दुकानात मिळणारा. कंपनी 250 तास सांगते. रोज दहा तास चालला तर पंचवीस दिवस. साधा ऑफिसचा वायरलेस माऊस याच सेलवर कितीतरी महिने काढतो, कारण तो इतक्या वेळा बोलत नाही. तेव्हा जेवायला उठताना खालचे बटण बंद करायची सवय लावा. रिसीव्हरची छोटी चिप कॉम्प्युटरच्या मागे खोचू नका, पुढे खोचा. निळ्या रंगाच्या यूएसबीला पेन ड्राइव्ह लावलेला असेल तर त्याच्या बाजूलाही नको, बाण अडखळतो. काम झाले की चिप माऊसच्या पोटात ठेवा. हरवली तर नवा माऊस घेतल्यासारखेच आहे.

टेबलावर काच असेल तर माऊस नीट चालत नाही. पॅड नसला तर जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा चालतो. आणि चुरणीच्या दिवसांत धानाचा भुसा खालच्या बारीक भोकात बसतो, कोरड्या फडक्याने पुसत जा.

पण मुंग्यांचे काय?

आठवडा झाला, बोट हलके झाले, पण रात्रीच्या मुंग्या तशाच. तेव्हा मी केंद्रावर जाऊन नुसता बसून बघितले. टेबल लाकडी, उंच. खुर्ची प्लास्टिकची, बुटकी. हात खांद्यातून वर उचललेला, मनगट मागे मोडलेले आणि टेबलाची धार बरोबर मनगटाखाली. असा हात दहा तास ठेवला तर कोणताही माऊस काय करणार?

मनगटातून एक नस अरुंद जागेतून जाते. ती दबली की अंगठा, तर्जनी, मधले बोट सुन्न पडते, रात्री जास्त. याला डॉक्टर कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. बायकांमध्ये, शुगर किंवा थायरॉईड असलेल्यांमध्ये हे जास्त दिसते. रोवणी-कापणीचा हात असेल तर भर पडते. हातातून वस्तू निसटायला लागली, अंगठ्याची ताकद गेली, तर मलम चोळत थांबू नका, डॉक्टरकडे जा.

ताईच्या नवऱ्याने टेबलाचे पाय दोन इंच कापले. खुर्चीवर गोधडीची घडी टाकली, आता कोपर टेबलाच्या बरोबरीत येते. धारेवर जुना टॉवेल गुंडाळून बांधला. अर्ध्या-पाऊण तासाने उठून दोन मिनिटे हात मोकळा सोडते. खर्च जवळपास काहीच नाही. रात्रीची झोपमोड कमी झाली, पूर्ण गेली नाही. मग ती गोंदियाला डॉक्टरांना दाखवून आली, त्यांनी रात्री मनगटाला बांधायचा पट्टा दिला आहे.

माऊस घ्यायचा की नाही? बसायची जागा आधी नीट करा. त्यानंतर रोज सात-आठ तास काम असेल, हात मध्यम असेल आणि बाजूच्या बटणांचा उपयोग करणार असाल, तर घ्या. दिवसातून तासभर काम असेल तर सहाशे-सातशेचा साधा वायरलेस माऊस भरपूर झाला. ताईने तोच घेतला आहे, मोठा पुढच्या हंगामात बघू म्हणाली.

पुतण्याचा माऊस मी नवा सेल टाकून परत केला. संध्याकाळी त्याचा फोन आला, "काका, गेममध्ये मी बॉम्ब फेकायला बाजूचं बटण दाबतो तर पेस्ट होऊन राहिलं, हे कोणी केलं?"