निळ्या दिव्याचं दुखणं

घरातले बाकीचे दिवे आपल्याला दिसावं म्हणून लावलेले असतात. प्रवाळाच्या टाकीवरचा दिवा खाणावळ चालवतो. प्रवाळ हा प्राणी खरा, पण त्याच्या पेशींमध्ये सूक्ष्म शैवालं मुक्कामाला असतात. ती प्रकाशावर साखर तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतात. सिरो कावागुती या जपानी संशोधकानं १९४४ मध्ये ही शैवालं डायनोफ्लॅजेलेट गटातली असल्याचं ओळखलं. टाकीवरचा दिवा बिघडतो तेव्हा खोलीत अंधार होतो ही त्यातली किरकोळ बाब. खाली पन्नास-साठ जिवांचं जेवण थांबलेलं असतं, आणि त्यातला एकही ओरडून सांगत नाही.

घरी प्रवाळाची टाकी ठेवायचा हा छंद आपल्याकडचा नव्हे, आणि तो इथे रुजू नये अशीच कायद्याची व्यवस्था आहे. दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. मालवणच्या पाण्यातून तुकडा उचलून घरी आणणं हा सरळ गुन्हा ठरतो. छंदाची खरी घरं अमेरिका, जर्मनी, जपान इथली. तिथे टाकीत वाढवलेल्या प्रवाळाचे कापलेले तुकडे दुकानांत आणि छंदिष्टांमध्ये हातोहात फिरतात. ‘फ्रॅग’ म्हणतात त्यांना. न्यू जर्सीतल्या मराठी घरांच्या तळघरातही अशा टाक्या सापडतात. या दिव्याचं दुखणं मी तिथेच जवळून पाहिलं.

गंमत म्हणजे या छंदाची सुरुवात दिव्याविनाच झाली. जकार्ताच्या ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये एका अमेरिकन मासिकात आपली पद्धत मांडली. जिवंत खडक, समुद्राचं पाणी, हवेचे बुडबुडे आणि वरून ऊन, एवढंच. विषुववृत्ताजवळ राहणाऱ्याला ते परवडतं. बर्लिनमधल्या माणसानं डिसेंबरात काय करायचं? तिथल्या मंडळींनी मेटल हॅलाइडचे दिवे टांगले. अडीचशे, चारशे वॉटचे हे बल्ब ऊन पाडत आणि पाणीही तापवत, मग ते गार करायला वेगळं चिलर लागे. वीज क्षणभर जाऊन आली तरी गरम बल्ब लगेच पेटत नसे, पाच-दहा मिनिटं निवल्यावरच चालू होई. तेवढ्यात घाबरून बल्बला वीज पुरवणारा बॅलास्ट उघडून बसलेले नवखे कमी नसत. नंतर टी-फाइव्हच्या बारीक नळ्या आल्या. त्यांचा प्रकाश समतोल, पण वर्षभरात त्यांचा रंग उतरे आणि त्या बदलाव्या लागत.

मग निळा एलईडी आला. जपानच्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी केलेला प्रखर निळा दिवा १९९३ मध्ये जगासमोर आला. त्या कामासाठी अकासाकी आणि अमानो यांच्यासह त्यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. समुद्राच्या पाण्यात लाल प्रकाश वरच्या थरातच विझतो आणि निळा खोलवर पोचतो. प्रवाळातली शैवालं त्या निळ्यावरच पोसलेली. साडेचारशे नॅनोमीटरच्या आसपासचा नेमका निळा, तोही हवा तेवढा कमी-जास्त करता येणारा, यापेक्षा प्रवाळवाल्यांना आणखी काय हवं होतं!

एलईडीच्या खोक्यावर पन्नास हजार तासांचं आयुष्य लिहिलेलं असतं. दिवसाला दहा तास धरले तर तेरा-चौदा वर्षं. आकडा खोटा नसतो, पण तो फक्त एलईडीचा असतो. एलईडी सहसा मरत नाही, त्याच्या भोवतीची मंडळी आधी मरतात. पंखा, पॉवर सप्लाय, जोडाच्या पिना आणि ड्रायव्हर यांना पन्नास हजार तासांचं वचन कुणी दिलेलं नसतं.

वरचं झाकण काढलं की रचना सोपी दिसते. पॉवर सप्लाय भिंतीतला एसी घेऊन चोवीस किंवा अठ्ठेचाळीस व्होल्ट डीसी देतो. ड्रायव्हर त्यातून ठरावीक करंट पुढे ढकलतो. एलईडीला व्होल्टेज नव्हे, करंट नेमका लागतो. एलईडी माळेत बसवलेले असतात. निळ्याला साधारण तीन-सव्वातीन व्होल्ट लागतात, म्हणजे बारांच्या माळेला अडतीसच्या आसपास. प्रत्येक रंगाची माळ वेगळी, तिला चॅनल म्हणतात. खाली ॲल्युमिनियमची जाड पाटी, वर पंखा आणि या सगळ्याला हुकूम देणारा मोबाइलवरचा ॲप.

या यंत्राचा वैरी त्याच्या पायाशीच असतो. एक किलो समुद्री पाण्यात पस्तीस ग्रॅम मीठ असतं. बुडबुडे फुटतात, तुषार उडतात आणि वीतभर वर टांगलेल्या दिव्याचा पंखा ती खारी हवा इमानानं आत ओढत राहतो. मीठ सुकतं, दमट हवेत पुन्हा ओलं होतं, तांब्यावर हिरवी भुकटी चढते. प्रवाळ वाढवायचं यंत्र मिठापासून वाचवायचं नाही आणि त्याला पंखा मात्र द्यायचा, असली रचना विकणाऱ्यांबद्दल मला फारसा आदर नाही. पंखा नसलेले, नुसत्या पसरट पाख्यांच्या हीटसिंकवर चालणारे दिवे जड आणि महाग असतात, पण टिकतात.

एडिसनजवळ राहणाऱ्या मूळच्या डोंबिवलीच्या एका गृहस्थांच्या तळघरात असा एक दिवा टेबलावर उताणा पडला होता. त्यांना तिथली मराठी मंडळी काका म्हणतात. दिवा पाच वर्षांचा, एका मित्राचा. मित्राची तक्रार अशी की दिवा चालू आहे, पण प्रवाळ ‘चमकत’ नाहीत.

मी सहज झाकणाकडे हात नेला.

“आधी प्लग काढ. मग हात पूस. मग बोल,” काका म्हणाले.

त्यांची शिस्त पक्की होती. दिव्याला हात लावण्याआधी त्यांनी मित्राकडून फोनवर तीन गोष्टी तपासून घेतल्या होत्या. भिंतीतल्या त्याच सॉकेटवर दुसरं काही चालतं का? मधला टायमर काढून दिवा थेट लावला तर काय होतं? ॲपमध्ये कुठला मोड चालू आहे? तिसऱ्या प्रश्नावर हसायचं नाही. कित्येक दिव्यांत ढगांची आणि विजांची नक्कल करणारा मोड असतो. दिवा लुकलुकतो म्हणून दुरुस्तीला आलेल्या एकाची वीज त्यांनी ॲपमधलं एक बटण बंद करून थांबवली होती. टायमरवरही त्यांचा राग आहे. पॉवर सप्लाय चालू होताना क्षणभर भरमसाट करंट ओढतो. त्या झटक्यानं स्वस्त स्मार्ट प्लगमधला रिले चिकटून बसतो, मग दिवा रात्री बंदच होत नाही आणि बोल दिव्याला लागतो.

या दिव्याचं कारण लवकर उघड झालं. एकेक चॅनल स्वतंत्र चालवल्यावर पांढरा लागला, जांभळा लागला, निळा मात्र संपूर्ण अंधारात. मित्राच्या लक्षात न येण्याचं कारण पांढरा. खोलीत उजेड पडत होता, टाकी दिसत होती. साडेचारशे नॅनोमीटरच्या निळ्याला आपला डोळा फार कमी दाद देतो, हिरव्यापेक्षा साधारण पंचवीसपट कमी. त्यामुळे शैवालांचं मुख्य जेवण बंद झालं तरी माणसाला दिवा ‘थोडा पांढुरका’ वाटतो, बस्स.

आता प्रश्न असा की ड्रायव्हर गेला की माळ? काकांनी वीज काढून पाच मिनिटं थांबून निळ्या आणि पांढऱ्या माळेच्या पिना अदलाबदल केल्या. या दिव्यात दोन्हींचा करंट सारखा होता म्हणून हे चाललं. एरवी ड्रायव्हरवरचा आकडा वाचल्याशिवाय असलं करायचं नाही. पांढऱ्याच्या ड्रायव्हरवरही निळी माळ मेलेलीच राहिली. म्हणजे खोट माळेत. पिना बदलताना दिवा चालू का ठेवायचा नाही, हे शॉकच्या भीतीपलीकडचं आहे. मोकळा सुटलेला ड्रायव्हर करंट पाठवायच्या खटपटीत आपलं व्होल्टेज वर चढवून बसतो. तशात माळ जोडली की साठलेला झटका तिच्यात शिरतो आणि एकाऐवजी बारा एलईडी हाताशी येतात.

मग त्यांनी ड्रॉवरमधून नऊ व्होल्टची बॅटरी काढली. तिच्या एका तारेला एक किलोओहमचा रेझिस्टर डाखलेला होता. दोन टोकं एलईडीच्या दोन बाजूंना टेकवली की तो मंद निळा पेटायचा. पहिला पेटला, दुसरा पेटला. सहा एलईडी असे ओळीनं उजळून विझले. सातवा नाही. टोकं उलटी करून पाहिली, तरी नाही. त्याच्यावरची भिंगाची टोपी नखानं उचलली तर आत पोपटी भुकटी, आणि एका बाजूचा डाख कुजून सुटलेला. त्याच्या अगदी वर झाकणाचा एक स्क्रू नव्हता. तेवढ्या भोकातून पाच वर्षं मीठ आत येत होतं.

माळेतला एलईडी असा तुटला की सगळी माळ जाते. तोच आतून शॉर्ट झाला असता तर एकटा तो विझला असता आणि बाकीचे चालू राहिले असते. हा एवढा फरक ठाऊक असला तर निम्मं निदान दिव्याकडे पाहूनच होतं. दिवा लुकलुकत असेल तर मात्र नजर पॉवर सप्लायकडे न्यायची. तिथले कपॅसिटर उष्णतेनं सुकतात, डोकं फुगतं, आणि विनाबोजा मीटरवर चोख चोवीस व्होल्ट दाखवणारा सप्लाय दिवा जोडताच कोसळतो. मोजायचं ते बोजा ठेवूनच. काही ड्रायव्हरमध्ये बाहेरची बाजू भिंतीच्या विजेपासून वेगळी केलेली नसते. असा दिवा घरी उघडू नये.

एलईडी बदलणं शोधण्यापेक्षा किचकट निघालं. ॲल्युमिनियमची पाटी सगळी उष्णता पिऊन टाकते आणि सोल्डरिंगचं टोक नुसतंच टेकून राहतं. काकांनी पाटी तव्यासारख्या सपाट हॉटप्लेटवर आधी तापवली, तेव्हा डाख वितळला. नवा एलईडी, नवी थर्मल पेस्ट, स्क्रूच्या भोकाला रबरी वॉशर.

असले ठणठणीत बिघाड मला तरी सोपे वाटतात. अवघड असतात ते हळू उतरणारे. पंखा मिठानं जड झाला की दिवा तापतो, आतला सेन्सर गुपचूप तेज खाली आणतो आणि ॲपवर मात्र शंभर टक्केच दिसत राहतं. खालच्या ॲक्रिलिकवर मिठाचं धुकं बसतं. कधी दिवा बिचारा निर्दोष असतो आणि पाणी पिवळं झालेलं असतं. कुजणाऱ्या सेंद्रिय द्रव्यांचा तो पिवळेपणा नेमका निळाच गिळतो. पांढरी बशी टाकीच्या एका टोकाला धरून दुसऱ्या टोकाच्या काचेतून पाहिलं की तो लगेच कळतो.

पण तेज किती उतरलं हे ठरवायला डोळ्यांचा उपयोग नाही, मीटर लागतो. पाण्यात बुडवायचा सेन्सर दर सेकंदाला किती प्रकाशकण पडतात ते मोजतो, त्याला पार म्हणतात. मऊ प्रवाळांना शंभराच्या आसपास पुरतं, फांद्यांच्या दगडी प्रवाळांना दोनशे ते साडेतीनशे लागतं. भर दुपारी समुद्राच्या पृष्ठभागावर हाच आकडा दोन हजारांच्या घरात असतो. जुने मीटर निळ्याला कमी मोजत, नवे बरेच सुधारलेत. मीटर महाग असल्यानं अमेरिकेतले छंदिष्टांचे क्लब तो सभासदांना वापरायला देतात. दिवा नवा असतानाच टाकीतल्या ठरलेल्या जागांचे आकडे वहीत लिहून ठेवले नसतील, तर नंतर मोजूनही ‘किती उतरला’ ते कळत नाही. हे मात्र जवळजवळ कुणीच करत नाही.

काकांचा सगळ्यात जास्त आग्रह होता तो दिवा परत देतानाच्या सूचनेबाबत. दिवा गेल्यावर लोक घाबरतात, तशी घाई मुळात नसते. नकोसं शैवाल माजलं की हेच लोक आपण होऊन तीन दिवस टाकी झाकून ठेवतात आणि प्रवाळ ते सोसतात. पंप बंद पडला तर तास मोजायचे, दिव्याला दिवस असतात. नासधूस होते ती दुरुस्तीनंतर. महिनाभर अर्ध्या उजेडात राहिलेल्या प्रवाळानं आपल्या शैवालांत रंगद्रव्य वाढवून घेतलेलं असतं, म्हणून तो तपकिरी दिसतो. त्याच्यावर दुरुस्त दिवा एकदम पूर्ण तेजानं सोडला की तीच शैवालं झेपणार नाही इतका ऑक्सिजन आणि त्याची विषारी रूपं तयार करतात. मग प्रवाळ त्यांना बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. पिवळ्या पाण्यात एकाच दिवशी भरपूर ॲक्टिव्हेटेड कार्बन टाकून ते नितळ केलं तरी हेच घडतं.

म्हणून मित्राला बजावलं गेलं की निळा निम्म्यावर ठेव, तीन-चार आठवड्यांत चढव, मधे रंग उडालेला दिसला तर तिथेच थांब. शिवाय त्याला एक चिठ्ठी मिळाली. दर महिन्याला प्लग काढून ॲक्रिलिक पुसायचं, पंख्यावरचं मीठ ब्रशनं झाडायचं, वायर सॉकेटच्या खाली लोंबती ठेवायची म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी आत न जाता खाली टपकेल. पंखा आणि पॉवर सप्लाय एकेक जादा आणून ठेवायचा, कारण हे दोन्ही कुठेही मिळतात. कंपनीचा ड्रायव्हर राळेत ओतून बंद केलेला असतो, तो गेला तर नवा दिवाच घ्यावा लागतो. आणि माळ्यावर टाकलेली जुनी टी-फाइव्हची पट्टी भंगारात द्यायची नाही. नव्या दिव्याचं पार्सल येईपर्यंत तिच्यावर टाकी चालते.