दोन सुरांमधली लाट

सॉटूथ म्हणजे काय, फिल्टर कुठे बसतो, हे या अंकाच्या वाचकाला सांगायला नको. यंत्रांची जंत्रीही इतरांनी दिलीच आहे. 1970चा मिनीमूग तीन ऑसिलेटरांचा, हवा बदलली की सूर सरकणारा. 1983च्या डीएक्स-7ने सूर जागचा हलेनासा केला. 1996च्या जेपी-8000ने एका पट्टीत सात सॉटूथ कोंबले. तिथून जो तो जाड आवाजाच्या मागे लागला.

मला थांबायचंय ते 1982पाशी. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी ज्युपिटर-8वर दहा राग वाजवले, साथीला 808 आणि 303. ज्युपिटरमध्ये दर सुराला दोन ऑसिलेटर, दुसऱ्याला बारीक सरकवायची वेगळी कळ. काही मंडळी या ध्वनिमुद्रिकेकडे डिस्कोचा नमुना म्हणूनच पाहतात. मला ते अजिबात पटत नाही. राग वाजवायचा तर षड्ज अढळ हवा आणि तरीही जिवंत हवा. तंबोऱ्याच्या जोडाच्या तारा आपण याचसाठी तर मिळवतो! मिरजेचा कारागीर जवारी काढताना दोऱ्याची जागा केसभर हलवतो आणि तार बोलू लागते.

तीस वर्षं शिकवतोय ते एवढंच. आधी दोन्ही ऑसिलेटर लाट पूर्ण थांबेपर्यंत मिळवा, मग दुसरा सरकवा. 440 आणि 441 एकत्र वाजले की सेकंदाला एक लाट येते. हे अंतर चार सेंटांचं. पण तेच चार सेंट 110च्या खर्जात ठेवले तर एका लाटेला चार सेकंद लागतात आणि मधेच सूर पोकळ होतो. 1760वर सेकंदाला चार लाटा, नुसती थरथर. म्हणून खर्जाला एकच ऑसिलेटर ठेवावा. आकडा पाहून डिट्यून करणाऱ्यांना हे कळत नाही, कारण ते ऐकतच नाहीत.

कपिलधारला कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेत मन्मथस्वामींच्या समाधीपाशी भजनं चालतात. एका वर्षी पेटीशेजारी एका मुलाने कॅसिओ मांडला होता. पेटी जुनी, थोडी चढी, कॅसिओ 440वर. दोघांत लाटा उसळत होत्या. मुलगा म्हणाला, ‘‘काका, पेटी बेसूर आहे, बंद करायला सांगा.’’ आजकाल हेच चाललंय. मंडळ्या पेटी बाजूला ठेवतात आणि बुवांनी यंत्राच्या पट्टीत गायचं. वाईट वाटतं.

तिथल्या धबधब्याच्या आवाजात काही उमगेना, म्हणून आम्ही दोघं पेटी आणि कॅसिओ घेऊन पायऱ्यांच्या वरच्या बाजूला गेलो. मी पेटीची पांढरी सहा दाबून धरली, भाता चालू ठेवला. त्याला म्हटलं, ‘‘ट्यूनिंगची कळ एकेक दाब आणि लाटा मोज.’’ सेकंदाला दोन होत्या, मग एक झाली, मग इतकी संथ की श्वास रोखून ऐकावी लागली. 442वर ती थांबली. मुलाने हात मागे घेतला, क्षणभर ऐकलं आणि स्वतःहून एक कळ पुढे सरकवून लाट परत आणली.