परदेशी शिकताना : ताट, तिकीट आणि फोटो

दिल्लीत कॅनॉट प्लेसकडून इंडिया गेटकडे निघालात की कस्तुरबा गांधी मार्ग लागतो. पूर्वीचा कर्झन रोड. परदेशी शिकायला जायचं ठरवलेल्या मुलामुलींना हा रस्ता चांगलाच पाठ असतो. जर्मन शिकवणारं मॅक्स म्युलर भवन इथेच, ब्रिटिश कौन्सिल इथेच आणि अमेरिकन सेंटरही इथेच. गंमत म्हणजे याच रस्त्यावर इंडिया गेटच्या बाजूला नवं महाराष्ट्र सदनही आहे. त्यामुळे सकाळी 'डेर, डी, डास' घोकायचं आणि दुपारी वरणभातावर लिंबू पिळायचं, हे एकाच रस्त्यावर जमून जातं.

माझी मावसबहीण इंटर्नशिपच्या निमित्ताने माझ्याकडे राहत होती आणि जोडीला जर्मन शिकत होती. वर्ग सुटला की आम्ही दोघी बऱ्याचदा सदनात जेवायचो. "तिकडे गेल्यावर याचीच आठवण येणार बघ," असं ती प्रत्येक घासाला म्हणायची. पुढे ती जर्मनीतल्या आखन शहरात शिकायला गेली आणि आमच्या फॅमिली ग्रुपवर फोटोंचा पाऊस सुरू झाला. बर्फ, चर्च, रेल्वे स्टेशन, कॉफीचे कप. मावशीने "जेवलीस का?" विचारलं की लगेच भरलेल्या ताटाचा फोटो हजर.

एका रविवारी मावशीचा मला फोन आला. "अगं, ताटातली लिंबाची फोड नेहमी एकाच जागी कशी गं असते?" आम्ही फोटो मोठे करून पाहिले. ताटाखालच्या वर्तमानपत्रातलं चित्रसुद्धा तेच! एकच फोटो ती तीन वेळा पाठवत होती. पॅरिसच्या सहलीत महिन्याचे पैसे संपले होते आणि दोन आठवडे ती ब्रेड-जॅमवर दिवस काढत होती.

तुमच्या घरातलं कुणी परदेशी शिकायला निघालं असेल किंवा तुम्ही स्वतःच बॅग भरत असाल, तर हा किस्सा तुमच्यासाठीच आहे. परदेशात खाणं, फिरणं आणि फोटो काढणं यात भरपूर मजा आहे. पण ती मजा वर्षभर टिकवायची तर थोडी तयारी लागते आणि घरच्यांशी थोडा खरेपणाही.

140 वर्षांपूर्वीचा एक फोटो

परदेशी शिकणाऱ्या मराठी मुलीचा सर्वांत गाजलेला फोटो कोणता, असं विचारलं तर उत्तर एकच. 10 ऑक्टोबर 1885 ला अमेरिकेत फिलाडेल्फियामध्ये काढलेला. त्यात तीन विद्यार्थिनी आहेत. साडी नेसलेल्या आपल्या आनंदीबाई जोशी, किमोनो घातलेल्या जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या पारंपरिक वेशातल्या साबात इस्लामबूली. तिघीही वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियाच्या विद्यार्थिनी.

आनंदीबाई एप्रिल 1883 मध्ये कोलकात्याहून बोटीने निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला पोहोचल्या. तेव्हा त्या अवघ्या 18 वर्षांच्या होत्या. तिथली कडाक्याची थंडी, शाकाहारी जेवणाची अडचण आणि आधीपासूनच नाजूक असलेली तब्येत, यातलं काहीही त्या फोटोत दिसत नाही. 11 मार्च 1886 ला त्या डॉक्टर झाल्या आणि 26 फेब्रुवारी 1887 ला, वयाची 22 वर्षंही पूर्ण होण्याआधी, पुण्यात क्षयाने गेल्या.

आज औषधं आहेत, हीटर आहेत, व्हिडिओ कॉल आहेत. तरी एक गोष्ट तशीच राहिली आहे. फोटोत यश दिसतं, पोटातली भूक दिसत नाही. म्हणून आधी जेवणाचं बोलू या.

आधी पोटोबा

बॅग भरताना आईचा जीव डब्यांत अडकलेला असतो. पण युरोपीय संघाचा नियम लक्षात ठेवा. बाहेरच्या देशातून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ सोबत नेता येत नाहीत. म्हणजे साजूक तूप, खव्याचे पेढे, बर्फी यांना घरीच निरोप द्यायचा. ताजा कढीपत्ता आणि हापूसही ठरावीक प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. गोडा मसाला, मेतकूट, कोरडी चटणी, पोहे आणि डाळी मात्र व्यवस्थित पॅक करून नेता येतात.

विमान दुबईमार्गे जाणार असेल तर अनारसे बॅगेत टाकण्याआधी थांबा. त्यावरची खसखस संयुक्त अरब अमिरातीत बंदी असलेल्या पदार्थांत मोडते. आपल्याला साधी वाटणारी ही गोष्ट तिथे मोठ्या संकटात टाकू शकते.

तिथे पोहोचल्यावर दुकानं ओळखून घ्या. जर्मनीत तुर्की दुकानांत डाळी, कोथिंबीर, भेंडी मिळून जाते. पोळ्यांसाठी पिठाच्या पाकिटावरचा आकडा बघा. 405 म्हणजे मैद्यासारखं पांढरं पीठ, 1050 चं पीठ त्याहून गडद आणि पोळीसाठी बरं. सुपरमार्केटमध्ये 'क्वार्क' नावाचा पदार्थ मिळतो, तो आपल्या चक्क्याच्या जवळचा. फडक्यात बांधून थोडं पाणी काढायचं, साखर आणि वेलदोडा घालून घोटायचं, की पाडव्याचं श्रीखंड तयार.

होस्टेलच्या स्वयंपाकघरात पहिली फोडणी मात्र जपून द्या. आमच्या बहिणीच्या मोहरी-मिरचीने स्मोक अलार्म वाजला आणि अख्खा मजला स्लीपर घालून जिन्यात उभा राहिला. खिडकी उघडायची, आच मंद ठेवायची आणि स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायचं, हे ती त्या दिवशी शिकली. त्याच रात्री तिने सगळ्यांना बटाट्याची भाजी खाऊ घातली. तिथली पहिली मैत्री अशी त्या जळक्या फोडणीतून झाली.

रोज स्वयंपाक जमणार नाही. अशा वेळी विद्यापीठाची कॅन्टीन, म्हणजे 'मेन्सा', उपयोगी पडते. विद्यार्थ्यांना तिथे सवलतीत गरम जेवण मिळतं. आणि हो, रविवारी जर्मनीत बहुतेक दुकानं बंद असतात. शनिवारीच दूध-भाजी आणली नाही, तर रविवारी उपास घडतो.

फिरा, पण हिशेबात

जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी खर्चाची तजवीज दाखवावी लागते. बरेच जण त्यासाठी 'ब्लॉक्ड अकाउंट' उघडतात. सप्टेंबर 2024 पासून त्यात वर्षाला 11,904 युरो ठेवावे लागतात आणि महिन्याला त्यातले 992 युरो हातात येतात. त्यात खोलीचं भाडं, आरोग्य विमा, फोन आणि जेवण सगळं बसवायचं. शिक्षण सांभाळून काम करायची मुभा आहे, पण वर्षाला 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस, एवढीच. त्यामुळे पहिल्या महिन्यातच पॅरिस, रोम, प्राग करायला निघू नका.

सुरुवात जवळून करा. विद्यापीठाच्या सेमिस्टर फीमध्ये प्रवासाचं तिकीट आहे का, ते आधी बघा. असेल तर ते कुठवर चालतं, हे विचारून घ्या. मोठ्या सहलीत पैसे उडाल्यावर आमच्या बहिणीने हेच केलं. आखन हे शहर नेदरलँड्स आणि बेल्जियमच्या सीमेला लागून आहे. शहराबाहेरच्या टेकडीवर जर्मनी, नेदरलँड्स आणि बेल्जियम या तिन्ही देशांच्या सीमा एका बिंदूत मिळतात. डबा घेऊन ती तिथे गेली आणि मिनिटभरात तीन देश फिरली! नेदरलँड्सच्या युरोपातल्या भूमीवरचं सर्वांत उंच ठिकाणही हेच. उंची किती? जेमतेम 322 मीटर. आपल्या सिंहगडाने ऐकलं तर हसेल.

शहरातलं कॅथेड्रल तर युनेस्कोच्या 1978 च्या अगदी पहिल्या जागतिक वारसा यादीतलं. बाहेर पडलं की बेकऱ्यांतून 'प्रिंटेन' नावाच्या मसालेदार बिस्किटांचा वास येतो. त्यात दालचिनी, लवंग, बडीशेप. "पहिला तुकडा खाल्ला आणि आजीच्या मसाल्याचा डबा आठवला," असं तिने लिहिलं होतं.

जर्मनीचा निवास परवाना असेल तर शेंगेन गटातल्या इतर देशांत 180 दिवसांत 90 दिवसांपर्यंत फिरता येतं. ब्रिटन आणि आयर्लंड या गटात नाहीत, हे तिकीट काढण्याआधी आठवा. प्रवासात पासपोर्ट आणि परवाना जवळ ठेवा. पॉवर बँक विमानात हातातल्या बॅगेतच ठेवा, चेक-इनच्या बॅगेत ती चालत नाही.

फोटो काढताना

महागडा कॅमेरा नसला तरी बिघडत नाही. हिवाळ्यात तिथे दुपारी चार-साडेचारलाच अंधारतं. सूर्य मावळल्यानंतरची निळसर वीस मिनिटं आणि दुकानांचे पिवळे दिवे, यात साध्या मोबाइलवरही सुंदर फोटो येतात. थंडीत बॅटरी भराभर उतरते, म्हणून फोन आतल्या खिशात ठेवा.

माणसांचे फोटो मात्र विचारूनच काढा. कुणाचा चेहरा त्याच्या परवानगीशिवाय प्रसिद्ध करू नये, हा जर्मनीतला कायदा 1907 पासूनचा आहे. लहान मुलांच्या बाबतीत तर तिथले पालक फारच जागरूक असतात. आपल्याकडे कौतुकाने कुणाच्याही बाळाचा फोटो काढतात, तसं तिथे करू नका.

आणि रोजचेही फोटो काढा. बसस्टॉप, वाणसामानाची पावती, खिडकीतली कुंडी, खोलीतला पसारा. दहा वर्षांनी आयफेल टॉवरपेक्षा हेच फोटो तुम्ही पुन्हा पुन्हा बघाल.

घरच्यांसाठी दोन शब्द

आईबाबांनो, "जेवलीस का?" या प्रश्नाला "हो" हे उत्तर ठरलेलंच असतं. त्याऐवजी "आज काय केलंस?", "या महिन्याचं कसं चाललंय?" असं विचारा. पैसे कमी पडले, पेपर अवघड गेला, एकटं वाटलं, हे सांगितल्यावर ओरडा मिळणार नाही, एवढी खात्री मुलांना द्या. मन फारच खचत असेल तर विद्यापीठाच्या समुपदेशकांकडे जायला सुचवा. त्यात कमीपणा नाही.

मावशीने त्या दिवशी रागावून काय साधलं असतं? तिने फक्त एवढंच लिहिलं, "लिंबू बदल आता, सुकलं असेल." पाच मिनिटांनी बहिणीचा फोन आला. आधी ती हसली, मग रडली आणि मग तिने सगळं सांगितलं. त्या महिन्यापासून दर शनिवारी दोघी फोनवर मिळून आठवड्याच्या जेवणाचा आणि खर्चाचा हिशेब मांडतात.

आता ग्रुपवर येणारे ताटांचे फोटो पूर्वीइतके देखणे नसतात. परवाच्या ताटात करपलेली खिचडी होती आणि बाजूला पापड. मावशीने तो फोटो सगळ्या नातेवाइकांना दाखवला.