संग्रह आपला, वही पुढच्या माणसासाठी
(रोह्यातील व्याख्यानाचे संक्षिप्त शब्दांकन)

पेणहूनही बरेच जण आलेत, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. चतुर्थीच्या आधी गणपतीच्या कारखान्यात शेकडो मूर्ती रांगेनं उभ्या असतात. तरी आपली मूर्ती बरोबर आपल्याच हातात येते. कशी? मूर्तीपाशी चिठ्ठी, चिठ्ठीवर नंबर आणि तोच नंबर मालकाच्या वहीत. संग्रहाची नोंद म्हणजे मुळात एवढंच.

आता तुम्ही म्हणाल, माझ्या कपाटात काय कुठं आहे ते मला तोंडपाठ आहे. असेलच. पण ते तुम्हालाच पाठ आहे ना? माझ्या वडिलांच्या ट्रंकेत एक फोटो निघाला. होडीसमोर चार माणसं उभी. मागं काहीच लिहिलेलं नाही. वडील असते तर चौघांची नावं एका दमात सांगितली असती. आज घरात कुणालाच सांगता येत नाहीत. फोटो राहिला, माहिती माणसाबरोबर गेली.

पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय तुम्ही पाहिलं असेल. दिनकर केळकरांनी स्वतःच्या हौसेनं दिवे, अडकित्ते, वाद्यं अशा हजारो वस्तू जमवल्या आणि पुढे संग्रह राज्य शासनाच्या हवाली केला. आता बघा, कुठला, कुणाचा हे माहीत नसेल तर अडकित्ता मोडीच्या भावानं जातो. माहीत असेल तर त्याच अडकित्त्यातून एका घराची रीतभात कळते. हा फरक नोंदीनं पडतो.

मग करायचं काय? ग्रंथालयात दाखल नोंदवही असते, तीच पद्धत घ्या. वस्तू आली की पुढचा क्रमांक द्या. १, २, ३ असे सरळ. विषयवार नंबर देऊ नका, विषय वाढतात आणि घोळ होतो. वस्तू गेली तरी तिचा क्रमांक दुसरीला द्यायचा नाही. वहीत रकाने सहा: क्रमांक, तारीख, वस्तू काय, कुणाकडून आणि कशी आली, कुठं ठेवली, कुणाला दिली. ‘कुठं ठेवली’ हे पेन्सिलीनं लिहा, कारण जागा बदलते. आणि ‘कुणाला दिली’ हा रकाना लाजून रिकामा ठेवू नका. पुस्तकं चोर कमी नेतात, मित्र जास्त नेतात!

पुस्तकावर, फोटोमागं क्रमांक मऊ पेन्सिलीनं, हलक्या हातानं घाला. बॉलपेन उमटतं, चिकटपट्टी डाग पाडते. नाण्यावर काही लिहायचं नाही, त्याच्या पाकिटावर लिहा.

मोबाइलवर, एक्सेलमध्ये ठेवलं तर चालेल का? उत्तमच, शोधायला सोपं. पण वर्षातून एकदा छापून ठेवा. आणि एक प्रत गावाबाहेर हवी. जुलै १९८९ मध्ये अंबेच्या पुरानं नागोठण्याची काय दशा केली, ते इथल्या वडीलधाऱ्यांना सांगायला नको. संग्रह आणि वही एकाच कपाटात असतील, तर पाणी दोन्ही एकदमच नेणार. पेणकरांनी प्रत रोह्याच्या पाहुण्यांकडं ठेवावी, रोहेकरांनी पेणच्या. सोयरीक अशीही कामाला येते.

शेवटचं. आपल्याकडं पावसाळाभर कपाटात दमट, मग कसर आणि वाळवी. दसऱ्याला पुस्तकांची पूजा करताच, त्याच सुमारास सगळं बाहेर काढा, सावलीत वारा द्या आणि वहीशी एकेक ताडून बघा. काय हरवलं, काय खराब झालं, तिथंच लिहा.

एकदम हजार वस्तूंचा धसका घेऊ नका. आज घरी गेल्यावर एकच फोटो घ्या. त्यातली नावं सांगणारं माणूस अजून घरात असेल तर त्याच्याजवळ बसा, विचारा आणि मागं लिहून ठेवा. क्रमांक १.